पासष्टावं ठिगळ

मला मोजता येतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या हिवाळ्यात पेडगावात अर्ध्या बाया म्हणायल्या की तानुबाईला मोजता येत न्हाई, अन् अर्ध्या म्हणायल्या की येतं पण ती लबाड हाय. तिसरी गोष्ट असू शकती हे एकीच्याबी डोक्यात आलं न्हाई. माझ्या तरी कुठं आलं होतं म्हणा.

मी वाकळा शिवते. नवरा गेल्यापासून हाच माझा धंदा. गावात कुणाच्याबी घरी जा अन् अंथरुणाचा कोपरा उचलून बघा, टाका माझाच निघंल. भिंतीला भिंत लागून माणिकरावाचं घर. माणिकराव कापसाच्या गाड्या घेऊन मानवतला गेला की चार चार दिवस येत न्हाई, म्हणून घरात राज्य त्याच्या आईचं, म्हणजे पारूबाईचं. अन् पारूबाईच्या राज्यात जीव मुठीत धरून राहणारी सून म्हणजे नर्मदा.

नर्मदाला आधी तीन लेकरं झाली अन् तिन्ही गेली. चौथ्या वेळेस दिवस राहिले तवा पारूबाईनं मागणीची वाकळ करायचं ठरवलं. आमच्याकडची रीत अशी, की ज्या घरात लेकरू जगत न्हाई तिथल्या आईनं पदर पसरून घरोघर फिरायचं अन् जुनं कापड मागायचं. राजाच्या लेकरावर सगळ्यांची नजर, भिकाऱ्याच्या लेकराकडं मरणबी बघत न्हाई. चौसष्ट योगिनींच्या नावानं चौसष्ट घरं. एका घरचं एक ठिगळ, तळहाताएवढं, चारी बाजूंनी सारखं. मग सगळी ठिगळं एकदमच हळदीच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे पाटलाच्या घरचं कोणतं अन् गड्याच्या घरचं कोणतं ते कळू नये. आठ ओळी, ओळीत आठ, अशी चौकोनी शिवायची. अन् एकदा शिवली की लेकरू पाच वर्षांचं होईस्तोवर तिच्यात नव्या कापडाची चिंधीसुद्धा घालायची न्हाई.

आणखी एक. विधवेच्या घरचं कापड चालत न्हाई. नर्मदा पदर पसरून माझ्या दारावरून मान खाली घालून पुढं गेली. शिवायला मात्र माझेच हात लागले. मी पारूबाईला तोंडावर म्हणले, "का हो, माझं लुगडं अपशकुनी अन् बोटं तेवढी सवाष्ण हायेत का?" ती म्हणली, "रीत म्या केली का?" न्हाईच केली तिनं, ते खरं. पण मला लागलं ते लागलंच.

पोरगी झाली. नाव ठेवलं भिकी. अन् ती जगली, बाई. रांगायला लागली ती थेट माझ्या उंबऱ्यावर आली. सकाळी नर्मदा शेतात जायची अन् भिकी माझ्याकडं. मी शिवायचे, ती दोऱ्याची रिकामी रिळं मांडायची अन् स्वतःशीच बोलायची. दुपारी माझ्याच ताटात जेवायची. मला लेकरू न्हाई. ते दुःख मी कधी कुणाला सांगितलं न्हाई, अन् भिकी आल्यापासून सांगायचं कारणबी उरलं न्हाई. एवढंच माझं होतं. दुसरं काय हाय माझ्या घरात, सुया अन् चिंध्या.

भिकीला दोन वर्षं होत आली तवा वाकळ आखूड पडायली. डोकं झाकावं तर पाय उघडे, पाय झाकावे तर छाती उघडी. पौषातली थंडी, पोरगी खोकायली. दुसरं पांघरूण घालावं तर पारूबाई म्हणायची, पाच वर्षं हीच. वाढवावी तर नवं कापड चालत न्हाई. नर्मदा मला म्हणली, "मावशी, वाकळ रुंदीला लय हाय, पोरगी तर काडी. रुंदीतलं काढून लांबीला न्हाई का लावता येणार?" मी लय डोकं खाजवलं. सरळ पट्टी कापून खाली लावली तर कोपरे उरतात, ते कुठं घालायचे? देवाचं कापड, टाकूनबी देता येत न्हाई.

नेमका तवा नर्मदाचा भाऊ व्यंकटराव रजेवर आला. पूर्णा जंक्शनात रेल्वेच्या नोकरीत हाय, उर्दू शाळेत चार बुकं शिकलेला, अन् बोलायला लागला की थांबत न्हाई. त्यानं आमचं गाऱ्हाणं ऐकलं अन् हसला. "ह्यात काय हाय? आमच्या एका गार्डानं दाखवलेली करामत हाय माझ्याकडं. चौकोनाची लांब पट्टी होती, एक चिंधी वाया जात न्हाई."

त्यानं कोळशानं भुईवर आठ बाय आठचा चौकोन काढला. तीन ओळी एकीकडं, पाच ओळी दुसरीकडं. तीन ओळींची पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी कापायची. पाच ओळींची पट्टी मधून तिरकी कापायची. झाले चार तुकडे. ते फिरवून जोडले की रुंदीला पाच ठिगळं अन् लांबीला तेरा. त्यानं बोटानं दाखवलं अन् मला पटलं. पटण्यासारखंच होतं. इकडचा तिरका काठ तिकडच्या तिरक्या काठाला जाऊन बसत होता. पारूबाईनंबी विचार केला अन् हो म्हणली. कापड बाहेरचं आलं न्हाई, घरातलं गेलं न्हाई, मग कशाला अडवील?

मी कापली. मग जोडली, काठाला काठ लावून, दाट टाके घालून. तिरक्या कापलेल्या कापडाची एक खोड असती, ते ताणंल तिकडं येतं. थोडं ओढावं लागलं, पण तेवढं कोणत्या शिवणीत लागत न्हाई? संध्याकाळी भिकीला त्यात निजवलं तर पाय झाकून वर चार बोटं वाकळ उरली. नर्मदा माझ्या गळ्यात पडली. पारूबाईनं मला गुळाचा खडा दिला. व्यंकटराव मिशीवरून हात फिरवत पूर्णेला गेला.

आणि मग पुनव आली.

दर पुनवेला पारूबाई वाकळ अंगणात पसरायची अन् एकेका ठिगळावर ज्वारीचा एकेक दाणा ठेवायची. चौसष्ट दाणे मोजून एका डबीत ठेवलेले असत, तेच दर वेळेस. एकेका योगिनीचा एकेक. त्या दिवशी ती दाणे ठेवत ठेवत शेवटच्या ओळीला आली अन् डबी रिकामी झाली. कोपऱ्यातलं ठिगळ उघडं राहिलं.

तिला वाटलं दाणा सांडला. आधी कोंबडीला शिव्या दिल्या. मग सगळे दाणे उचलून मोजले तर चौसष्ट. मग दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. आता पहिलं कोपऱ्यातलं ठिगळ भरलं अन् पलीकडच्या टोकाचं उघडं पडलं. तिनं नर्मदाला बोलावलं. नर्मदानं मधून सुरुवात केली तर मधलं कुठलंतरी उघडं राहिलं. मग मला हाक मारली. मी पाच ओळी मोजल्या, ओळीत तेरा. तेरा पाचे पासष्ट. मी पुन्हा मोजल्या. तेरा पाचे पासष्टच होतात, मी काय करू त्याला?

"तानु," पारूबाई म्हणली, "घरं चौसष्ट मागितली होती."

"व्हय."

"मग हे पासष्टावं कुणाचं?"

माझ्या डोक्यात भुंगा शिरल्यासारखं झालं. कापलं मी, जोडलं मी. मी काढलं न्हाई, घातलं न्हाई. आठी आठे चौसष्ट, हे जगात कुठंबी जा, चौसष्टच. मग ते एक आलं कुठून? मी म्हणले, "मला ठाऊक न्हाई." अन् हीच माझी चूक झाली असं बायांचं म्हणणं. ठाऊक न्हाई म्हणणाऱ्याला ठाऊक असतं म्हणे.

पारूबाई आवाज चढवत न्हाई. हळू बोलती, म्हणून जास्त भ्या वाटतं. ती म्हणली, "दोन वर्षं तुझ्या मनात सल हाय, की तुझं कापड घेतलं न्हाई. माझ्या तोंडावर बोलली होतीस तू. आता वाकळ तुझ्या हातात आली, तू आपलं लुगडं फाडून एक ठिगळ हळदीत बुडवलंस अन् आत घातलंस. विधवेचं ठिगळ. माझ्या नातीच्या उरावर."

"माझं न्हाई ते," मी म्हणले.

"मग कुणाचं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर चोरच न्हाई, चोरी बी न्हाई. उलट घरात एक जिन्नस जास्त निघाला. जास्त निघाल्याची तकरार मी जन्मात ऐकली न्हाई. मी म्हणले, "वाकळ उसवा, बघा माझं कोणतं ते." ती म्हणली, "हळदीत सगळं सारखं. तुलाच ठाऊक असणार."

नर्मदानं भिकीला उचललं अन् घरात गेली अन् कडी लावली. त्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो. तिला तरी काय म्हणणार, तीन लेकरं पुरलेली आई ती. पण मी चिडले, लय चिडले. दोन वर्षं पोरगी माझ्या मांडीवर वाढली, अन् एका कापडाच्या तुकड्यापायी कडी?

दुसऱ्या दिवसापासून भिकी आली न्हाई. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "ताऊ, ताऊ." मला ती ताऊ म्हणायची. मग रडायची. मग कुणीतरी तिला आत न्यायचं. मी इकडं सुई हातात घेऊन बसायचे अन् एक टाका घालायला जीव व्हायचा न्हाई. आडावर गेले की बाया बाजूला व्हायच्या. कुणी भांडत न्हाई, कुणी शिवी देत न्हाई, नुसतं घागर उचलून बाजूला होतात. मला भांडण परवडलं असतं.

अन् सगळ्यात वाईट काय, तर मलाच माझा शक यायला लागला. पेटी उघडून मी माझी दोन्ही लुगडी काढली अन् पदरापासून काठापर्यंत हात फिरवून बघितलं, कुठं तळहाताएवढं भोक हाय का. न्हाई. मग वाटलं, जुन्या चिंध्यांच्या गाठोड्यातलं तर गेलं नसंल? पण मग त्याला हळद कुठून लागली असती? न्हाई, तेबी बसत न्हाई. मी भुईवर कोळशानं चौकोन काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. चुलीवर भाकर करपायची. डोकं एवढं दुखायचं की वाटायचं, असंल बाई, घातलं असंल मीच, झोपेत. माणूस कंटाळला की गुन्हाबी कबूल करावासा वाटतो.

पण कबूल केलं तर भिकी कायमची गेली. म्हणून मी गल्लीत, आडावर, ज्याला त्याला शपथा घेऊन सांगत सुटले, माझं न्हाई, माझं न्हाई. जितकं सांगावं तितकं खोटं वाटायचं. माझंच मला.

आठवड्यानं व्यंकटराव पुन्हा आला. आल्या आल्या मी त्याला दारातच धरला. "बाबा, तुझी करामत माझ्या गळ्याशी आली. ते एक जास्त कुठून आलं ते सांग अन् मगच पाय धुव."

तो हसला. "मावशी, तीच तर गंमत हाय. चौसष्टचे पासष्ट होतात. बघणारा चक्रावतो."

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय की."

"अन् बोलला न्हाईस?"

"तुमी विचारलं न्हाई. तुमाला लांबी पायजे होती."

मी त्याला तिथंच चार शब्द सुनावले, ते इथं सांगण्यासारखे न्हाईत. मग विचारलं, "होतात ते कळलं. कामून होतात?" तवा त्याचं हसू उतरलं. "ते काय मला ठाऊक न्हाई. गार्डालाबी नव्हतं. तो नुसता दाखवायचा."

आता घ्या. ज्याची करामत त्यालाच ठाऊक न्हाई.

पण माणूस वाईट न्हाई. त्यानं पारूबाईच्या ओसरीवर बसून कागदावर घरं आखली, कात्रीनं कापली, फिरवून मांडली अन् सगळ्यांना मोजायला लावलं. कागदावरबी पासष्ट. नर्मदा पहिल्यांदा बोलली. "सासूबाई, कागदात मावशीनं कोणतं लुगडं घातलं?" माझ्या जिवाला एवढा थंडावा आला की डोळे भरून आले. पण पारूबाई म्हणली, "कागदाचा खेळ हाय. खेळात काय बी होतं. वाकळ काय खेळ हाय?"

मी म्हणले, "ठीक. मग सगळ्यांसमोर वाकळ उसवते. इथंच, उन्हात."

गल्लीतल्या बाया जमल्या. मी माझेच टाके एकेक करून तोडले. चार तुकडे सुटे झाले. ते मी पुन्हा जुन्या जागी मांडले, आठ बाय आठ. पारूबाईनं डबी आणून दाणे ठेवले. चौसष्ट दाणे, चौसष्ट ठिगळं, एक कमी न्हाई एक जास्त न्हाई.

मला वाटलं, सुटले. अन् पारूबाई म्हणली, "मग ते एक आता कुठं गेलं?"

बायांनी माझ्याकडं बघितलं. खरंच, कुठं गेलं? पारूबाई उठली अन् माझ्याजवळ आली. "पदर झटक, तानु. उसवताना काढून घेतलंस तू."

मी पदर झटकला. भर अंगणात, पंधरा-वीस बायांसमोर. कनवटीला होतं ते काढून दाखवलं, एक सुपारी अन् सुयांची पुडी. मला मरण यावं असं वाटलं, हे मी साधं सांगते. साठीला आलेली बाई, अन् ठिगळ चोरलं म्हणून पदर झटकती. तेबी नसलेलं ठिगळ.

व्यंकटरावाला लाज वाटली असावी. तो पुढं झाला अन् म्हणला, "थांबा. आता न शिवता, न ओढता नुसतं लांबीला मांडू." त्यानं चारी तुकडे सारवलेल्या भुईवर लांबीला मांडले. बाहेरचे काठ नीट सरळ केले, कोपरे जागच्या जागी बसवले. अन् आमी सगळे वाकून बघायला लागलो.

आधी काही दिसलं न्हाई. मग नर्मदानं भिकीला कडेवरून खाली ठेवलं अन् गुडघ्यावर बसली. "मावशी, इथं भुई दिसायली."

खरंच दिसायली. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरक्या जोडाच्या मधोमध, एक बारीक फट. टोकांना काहीच न्हाई, मध्यावर जरा रुंद, म्हणजे किती रुंद, तर करंगळीच्या नखाएवढी. पिवळ्या कापडातून सारवणाचा हिरवट पट्टा डोकावत होता. मी शिवताना ह्याच फटीवर कापड ओढून घेतलं होतं. तिरकं कापड, आलं मुकाट्यानं.

व्यंकटराव उकिडवा बसून बोटं मोजायला लागला. बराच वेळ पुटपुटला अन् मग म्हणला, "आत्ता कळलं. हा काठ आठ ठिगळं पुढं जाऊन तीन चढतो. अन् हा दुसरा पाच जाऊन दोन चढतो. डोळ्याला दोन्ही सारखेच तिरके दिसतात, एकच रेघ वाटती. पण दुसरा जरा जास्त चढा हाय. रेघ सरळ न्हाई, मध्ये मोडलीय. म्हणून फट. अन् ह्या लांबलचक फटीत जेवढी जागा हाय ती सगळी गोळा केली तर बरोब्बर एका ठिगळाएवढी."

"म्हणजे पासष्टावं ठिगळ म्हणजे ही फट?" मी विचारलं.

"व्हय. तिथं कापड न्हाईच. प्रत्येक ठिगळ जरा जरा ओढून तुमी ती झाकली."

मला कळलं का? हाताला कळलं. त्या दिवशी ओढलेलं माझ्या बोटांना आठवलं. पण मनाला कळंना. एवढीशी फट, मुंगीनंसुद्धा आडवं होऊन जावं, अन् तिच्यात तळहाताएवढं ठिगळ मावतं? मी व्यंकटरावाला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा कळलं अन् पुन्हा गेलं. बायांचं तर त्याहून वाईट. एक म्हणली फट तर सगळ्याच वाकळीत असती. दुसरी म्हणली मग आधी पासष्ट मोजले ते काय भूत होतं का.

पारूबाई मात्र शांत उभी होती. तिनं फट बघितली होती, बोट घालूनबी बघितलं होतं. ती म्हणली, "बरं. फट तर फट. तानुनं कापड घातलं न्हाई, मी मानते." एवढं बोलली, अन् माझा श्वास सुटतोय न सुटतोय तोच पुढं म्हणली, "पण ही लांब शिवली की तिथं ठिगळ दिसतं की न्हाई? दिसतं. मी पुनवेला दाणे ठेवीन तवा एक उघडं राहणार की न्हाई? राहणार. चौसष्टांना चौसष्ट धनी हायेत. त्या एकाला धनी न्हाई. बिनधन्याच्या जागेवर काय बी येऊन बसतं, अन् ते माझ्या नातीच्या अंगावर. त्याला धनी सांगा, मी गप बसते. न्हाईतर चौकोनीच शिवा, राहू द्या पाय उघडे."

"आई, ते हायच न्हाई तर त्याला धनी कुठला?" व्यंकटराव म्हणला.

"हायच न्हाई तर दिसतं कामून?"

भिकी खोकत होती, मांडलेल्या तुकड्यांच्या कडेला बसून सांडलेले ज्वारीचे दाणे वेचत होती अन् खोकत होती. नर्मदा म्हणली, "सासूबाई, पोरीची छाती भरलीय. चौकोनी नको." पारूबाई म्हणली, "मग धनी सांग."

अन् नर्मदानं माझ्याकडं बघितलं. फट तिनंच तर पहिल्यांदा दाखवली होती, तिला ठाऊक होतं तिथं काय हाय अन् काय न्हाई. तरी बघत राहिली.

मी आठवडाभर गल्ली डोक्यावर घेतली होती, माझं न्हाई, माझं न्हाई म्हणून. पदर झटकला होता. आत्ताच, ह्या क्षणाला, मी खरी ठरले होते, सगळ्यांसमोर, पारूबाईच्या तोंडून. उभ्या गावात माझ्याजवळ तेवढंच होतं, खरं बोलणारी बाई म्हणून नाव.

"माझं," मी म्हणले.

पारूबाईनं डोळे बारीक केले. "काय?"

"ते ठिगळ माझं हाय. मी घातलं."

"मावशी, अहो पण..." व्यंकटराव म्हणायला लागला, तर नर्मदानं त्याचा हात दाबला. मग ती सासूकडं वळली. एवढ्या वर्षांत मी तिला सासूच्या डोळ्याला डोळा देताना बघितलं नव्हतं. "विधवेच्या दारी कापड मागायचं न्हाई अशी रीत हाय," ती म्हणली. "मी मागितलं न्हाई. आपल्या पायानं आलं. आलेलं परत करायची रीत हाय का?"

पारूबाई रीत आठवायली होती, पण अशी रीत कुणी केलीच नसावी. शेवटी ठिगळाचं सोडून ती माझ्यावर घसरली. "मग इतके दिवस खोटं बोललीस? शपथा घेतल्यास त्या? आडावर सांगत सुटलीस ते?"

"व्हय," मी म्हणले. "खोटं बोलले."

"मला तवाच ठाऊक होतं," ती बायांकडं बघून म्हणली, अन् बायांनी माना हलवल्या. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. आठवडाभर न उमगलेलं आता उमगलं होतं. एकेक करून त्या घागरी भरायला गेल्या. मला राग यायला पायजे होता. आला न्हाई, रडू आलं.

नर्मदानं भिकीला उचलून माझ्या मांडीवर दिलं. पोरीनं माझ्या गळ्यात हात टाकले अन् दोन्ही मुठींतले दाणे माझ्या पाठीवर सांडले. "शिवा, मावशी," नर्मदा म्हणली, "ऊन हाय तोवर." माझ्या डोळ्यांना सुईचं भोक दिसंना. मग तिनंच दोरा ओवून दिला.